रीपर नको, लवंगी लावा! बाल्कनीतल्या तिखट मिरचीचं गणित नेमकं कुठे चुकतं?

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी ऑनलाइन एक पाकीट मागवलं. 'कॅरोलिना रीपर, जगातली सर्वांत तिखट मिरची', दहा बिया, २९९ रुपये. सात रुजल्या. हडपसरमधल्या सहाव्या मजल्यावरची पूर्वेची बाल्कनी, कोकोपीट, गांडूळ खत, पाणी घालण्यासाठी मोबाइलवर अलार्म आणि उंचीची नोंद ठेवायला एक्सेल शीट. इंजिनीअर असल्याचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा! दिवाळीच्या सुमारास पहिली मिरची धरली आणि नोव्हेंबर संपेपर्यंत मुठीएवढी झाली. आईनं ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "अरे, ही तर ढोबळी. पीठ पेरून भाजी करू का?"

विक्रेत्याला मेसेज केला, तर ते खातंच बंद झालं होतं. शिवाय त्या पाकिटावरचा दावाही जुना होता. २०२३ मध्येच 'पेपर एक्स' या मिरचीनं रीपरचा विक्रम मोडला आहे. म्हणजे बी खरं निघालं असतं, तरी 'जगातली सर्वांत तिखट' मिरची माझ्या बाल्कनीत नव्हतीच.

हा फक्त माझा पोपट झाला असता तर लिहिलं नसतं. पण आमच्या सोसायटीच्या बागकाम ग्रुपवर दर आठवड्याला कुणी ना कुणी भूत जोलोकिया किंवा रीपरच्या कुंडीचा फोटो टाकतं आणि दोन महिन्यांनी तीच व्यक्ती मुरडलेल्या पानांचा फोटो टाकून 'काय करू?' विचारते. माझं स्पष्ट मत आहे : घरच्या कुंडीत तिखट मिरची जरूर लावा, पण विक्रमाच्या मागे लागू नका. आपली लवंगी लावा.

तिखटपणा मोजतात कसा?

१९१२ मध्ये अमेरिकेतले औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी एक सोपी पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चव घेणाऱ्यांना तिखट लागणं थांबेपर्यंत किती पट पातळ करावा लागला, ते मोजायचं. आता हे काम यंत्र करतं, पण एककाला नाव स्कोव्हिल यांचंच आहे. ढोबळी मिरची शून्यावर. ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियानं दहा लाखांचा टप्पा ओलांडला आणि २००७ मध्ये तिची गिनीज बुकात नोंद झाली. रीपर पंधरा-सोळा लाखांवर गेली, पेपर एक्स जवळपास सत्तावीस लाखांवर.

हे सगळं कॅप्सायसिन नावाच्या रसायनामुळे. ते बियांमध्ये असतं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात ते तयार होतं बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढरट गरात. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. जिभेवरचा जो संवेदक उष्णता ओळखतो, त्यालाच कॅप्सायसिन डिवचतं, म्हणून मेंदूला भाजल्यासारखं वाटतं. हा संवेदक शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे मानकरी आहेत. पक्ष्यांवर मात्र कॅप्सायसिनचा असा परिणाम होत नाही. बाल्कनीतल्या पिकलेल्या मिरच्या बुलबुल मजेत खाऊन जातो, तो म्हणूनच.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढू. ढोबळीशेजारी तिखट मिरची लावली, तर ढोबळी तिखट होते का? नाही. त्या फळाचा गर ज्या झाडाचा, त्याच्या गुणाचा. परागकण शेजारचे आले असतील, तर फरक त्या फळातल्या बियांमध्ये पडतो आणि तो पुढच्या पिढीत दिसतो. त्यामुळे बी धरायचं असेल, तर दोन जाती लांब ठेवा. नुसती खायची असेल, तर खुशाल शेजारी ठेवा.

दहा लाखांच्या मिरचीचं करायचं काय?

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. ठेच्यात मिरची हा निव्वळ मसाला नाही, ती जवळजवळ भाजीच आहे. सात-आठ मिरच्या, लसूण, मीठ, थोडे शेंगदाणे, तव्यावर परतून वरवंट्याखाली किंवा तांब्याच्या बुडानं रगडायच्या. त्यात मिरचीचा हिरवा वास आणि चव हवी असते. भूत जोलोकियाचा असा ठेचा करून पाहा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी गॅलरीत पळावं लागेल. हीच मिरची वापरून आसाममधल्या तेजपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेनं जमाव पांगवण्यासाठीच्या ग्रेनेडवर काम केलं होतं, यावरून काय ते समजा. नागालँड-आसामच्या स्वयंपाकात तिचं स्थान आहे, तिथल्या लोकांना ती कशी वापरायची ते ठाऊक आहे. आपण मात्र एक फळ कापून फोटो काढतो आणि बाकीची वाळवून बरणीत ठेवून देतो.

पानं का मुरडतात?

कुंडीतली मिरची मरते ती बहुतेक वेळा याच दुखण्यानं. शेतकरी त्याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. पण हा एक रोग नाही, तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि पान नीट पाहिलं तर बराच अंदाज येतो. कडा वरच्या बाजूला वळून पानाची होडी झाली असेल, तर संशय फुलकिड्यांवर. कडा खाली वळल्या असतील आणि पान अरुंद, लांबट देठाचं झालं असेल, तर कोळी. शेंड्याची पानं बारीक, पिवळसर, गुच्छासारखी झाली आणि झाडाची वाढच खुंटली, तर बहुधा पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू.

पहिल्या दोन प्रकारांत पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा, पाच टक्के निंबोळी अर्क किंवा लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, आठवड्यातून एकदा, एवढं लवकर केलं तर झाड सावरतं. पिवळे-निळे चिकट सापळेही उपयोगी. तिसऱ्या प्रकाराला औषधच नाही. झाड उपटून पिशवीत बंद करून टाकून द्यायचं. जीव तुटतो, पण शेजारच्या चार कुंड्या वाचतात.

ग्रुपवर मात्र उत्तर ठरलेलं असतं : 'औषध मारा'. मग कुणीतरी कृषी सेवा केंद्रातून शेतीचं कीटकनाशक आणतं. त्या बाटलीवरचं प्रमाण एकरा-हेक्टरासाठी लिहिलेलं असतं आणि फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हेही. बाल्कनीत आपण चमच्यानं अंदाजे मोजतो, शेजारी कपडे वाळत असतात, आत मूल रांगत असतं आणि दुसऱ्या दिवशी पोह्यांसाठी त्याच झाडाची मिरची तोडतो. विकतच्या मिरचीवरच्या फवाऱ्याच्या भीतीनं कुंडी लावायची आणि तोच फवारा स्वतःच्या हातानं स्वयंपाकघराच्या खिडकीत आणायचा, हे मला अजिबात पटत नाही. शोभेच्या फुलझाडावर मारतो म्हणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. किमान सहा तास ऊन, दहा-बारा इंची कुंडी, तळाला भोकं. शेणखत बेतानं, कारण नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं येत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चढला की फुलं गळतात. तेव्हा खतं ओतू नका, दुपारची सावली द्या. टँकरचं क्षारयुक्त पाणी असेल, तर मातीवर पांढरा थर दिसतो. पावसाचं पाणी मिळेल तेव्हा कुंडी चांगली धुऊन निघू द्या.

मग लवंगीच का?

हडपसर ही मुळात भाजीपाल्याची जमीन. खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा इथून जातो आणि त्याच्या पाण्यावर इथले मळे पिकले. आज जिथे मगरपट्टा सिटी आहे, ती सुमारे चारशे एकर जमीनही शेतकऱ्यांचीच. आम्ही राहतो त्या इमारतीच्या पार्किंगखाली काय पिकत असेल, हा विचार मला अधूनमधून येतो.

सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनच्या दिशेनं गेलं, की रोपवाटिकांची रांग लागते. तिथली मिरचीची रोपं बहुतांश संकरित. त्यात गैर काही नाही, शेतकऱ्याला उत्पादन हवं. पण त्यांचं बी धरलं, तर पुढची पिढी तशीच निघेल याची खात्री नसते. लवंगी इतकी बारीक, की तोडायलाच वेळ जातो. तोडणीची मजुरी धरली तर ती पिकवणं शेतकऱ्याला परवडणं कठीण. हीच अडचण घरी नाही. सकाळी चहा होईपर्यंत वाटीभर मिरच्या तोडायला मला कुणाला मजुरी द्यावी लागत नाही. शेतातून मागे पडणारं वाण टिकवायला रंगाची रिकामी बादली ही उत्तम जागा आहे.

माझी लवंगी अशाच बादलीतून आली. समोरच्या काकूंचं माहेर गडहिंग्लजकडचं. ढोबळीचा किस्सा ऐकून त्या पोट धरून हसल्या आणि वर्तमानपत्राच्या पुडीत चार वाळलेल्या लाल मिरच्या देऊन गेल्या. पाकीट नाही, दावा नाही, रुजण्याची टक्केवारी नाही. त्यातून आलेल्या तीन झाडांना आता लवंगेएवढ्या मिरच्या लगडल्या आहेत. सर्वांत निरोगी झाडावरच्या बारा मिरच्या मी न तोडता लाल व्हायला सोडल्या आहेत. सावलीत वाळल्या, की बी काढून ग्रुपवर ज्याला हवं त्याला देणार आहे. बुलबुलानं बारापैकी दोन नेल्या, तेवढी एक्सेलमध्ये नोंद केली आहे.