वाट वाढवायची, तर वर्गणी कोणी द्यायची?

सरकारने रस्ता करावा आणि व्यापाऱ्याने त्याच्या कडेला दुकान मांडावे, ही आपली जुनी समजूत आहे. रस्ता वाढवायचा म्हटले की आपण निवेदन घेऊन आमदाराकडे जातो, खिशात हात घालत नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओटागो नावाचा प्रदेश आहे. तिथल्या लहान गावांतले दुकानदार, खाणावळवाले आणि सायकल दुरुस्त करणारे यांच्यापुढे मात्र गेली तीस वर्षे एकच प्रश्न फिरून फिरून येत आहे. वाट पुढे न्यायची आहे, तुमचा वाटा किती? हा हिशेब आपल्या पेठांतील लोकांनीही एकदा मांडून पाहावा असा आहे.

ही वाट म्हणजे बंद पडलेल्या लोहमार्गाचे रूळ काढून, त्याच भरावावर केलेला सायकलींचा आणि पायी चालणाऱ्यांचा रस्ता. तिकडे त्याला रेल ट्रेल म्हणतात. डुनेडिन शहराजवळच्या विंगाटुई येथून १८७९ मध्ये ओटागो सेंट्रल लोहमार्गाचे काम सुरू झाले. तो १९०७ मध्ये क्लाइडला आणि १९२१ मध्ये क्रॉमवेलला पोहोचला. मेंढ्या, लोकर, फळे यांची ने-आण त्याने केली आणि अखेरच्या काळात क्लाइडच्या मोठ्या धरणाचे सामानही वाहिले. ते काम सरले आणि १९९० मध्ये मिडलमार्च ते क्लाइड हा भाग बंद झाला. गाडी गेली तशी स्टेशनाभोवतीच्या गावांची रयाच गेली. गिऱ्हाईक तुटले की पेठ कशी दिसते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

रूळ उखडले, तरी भराव, पूल आणि बोगदे जागेवर राहिले. १९९३ मध्ये ही जमीन सरकारच्या निसर्गसंवर्धन खात्याने घेतली आणि १९९४ मध्ये स्थानिक लोकांनी ट्रस्ट स्थापून पैसा जमवायला सुरुवात केली. जागा खात्याने सांभाळायची, पैसा उभा करायला ट्रस्टने हातभार लावायचा. शेतकऱ्यांचा सुरुवातीला विरोध होता. परकी माणसे शिवारातून जाणार, फाटके उघडी टाकणार, मेंढ्या बुजवणार. या शंका काही खोट्या नव्हत्या, त्यामुळे समजूत पटायला वेळ लागला. पुलांवर फळ्या आल्या, कठडे बसले, खडी दाबून रस्ता सारखा झाला आणि फेब्रुवारी २००० मध्ये सुमारे १५२ कि.मी.ची सलग वाट खुली झाली.

आता यात धंदा कुठे आला? आगगाडीला तीव्र चढ सोसत नाही, म्हणून तिचा मार्ग सपाटीचा असतो. त्यामुळे साठी ओलांडलेला माणूसही या वाटेवर सायकल चालवू शकतो. मात्र १५२ कि.मी. तो एका दिवसात जात नाही. तीन, चार, कधी पाच दिवस घेतो. तो मोटारीने आला असता तर हाच प्रदेश दोन तासांत मागे टाकून गेला असता आणि फार तर पेट्रोल भरले असते. सायकलवाल्याला दर दहा-पंधरा कि.मी.वर भूक लागते. संध्याकाळी त्याला गरम पाणी, गादी आणि जेवण लागते. सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी गाडी लागते, पंक्चर काढणारा लागतो. हजाराच्या आत वस्ती असलेल्या रॅनफर्लीसारख्या गावाला एवढे गिऱ्हाईक पुरते.

कारागिरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. याच वाटेवर ओटुरेहुआ नावाचे खेडे आहे. तिथे अर्नेस्ट हेज नावाच्या लोहार-यंत्रकाराचा जुना कारखाना आहे. कुंपणाची तार ताणण्याचे त्याचे हत्यार जगभर गेले. पट्ट्यांवर चालणारी जुनी यंत्रे राखून ठेवलेला हा कारखाना आज लोक पैसे देऊन पाहतात. त्याच गावात शंभर वर्षांहून जुने किराणा दुकान आहे. पलीकडे वेडरबर्न येथे स्टेशनाची हिरवी पत्र्याची गोदाम-शेड होती. एका प्रसिद्ध चित्रामुळे ती देशभर ओळखीची झाली होती. लोहमार्ग बंद झाल्यावर ती तिथून हलवली गेली, पण गावकऱ्यांनी परत आणून जागेवर उभी केली. शेडीत काही विकायला नव्हते. पण लोक तिथे थांबतात, फोटो काढतात आणि थांबलेला माणूस काहीतरी घेतोच.

खरा वाद वाट वाढवण्याच्या वेळी सुरू होतो. समजा, तुमची खाणावळ क्लाइडमध्ये आहे. वाट तुमच्या दारात संपते, म्हणजे प्रवासाचा शेवटचा किंवा पहिला मुक्काम तुमचा. आता कोणी येऊन म्हणतो, वाट क्रॉमवेलपर्यंत नेऊ या, वर्गणी द्या. तुमच्या मनात पहिली शंका कोणती येईल? आपल्याकडे बायपास झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला जी आली तीच. गिऱ्हाईक पुढे निघून जाईल आणि आपण आपल्याच पैशाने त्याला रस्ता करून दिलेला असेल.

माझ्या मते ही शंका रास्त आहे, पण हिशेब चुकीचा आहे. बायपासमुळे थांबणाऱ्याचा वेळ कमी होतो. इथे उलट होते, वाट लांबली की प्रवासाला एक दिवस वाढतो. असल्या धंद्यात कि.मी. मोजायचे नसतात, रात्री मोजायच्या असतात. चार रात्रींचा प्रवास पाच रात्रींचा झाला तर वाढलेली रात्र क्रॉमवेलची असो की क्लाइडची, एवढ्या मोठ्या सहलीसाठी लांबून यायला माणूस अधिक राजी होतो. मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नवा तुकडा एका दिवसात होण्यासारखा आणि जुन्यापेक्षा देखणा असेल, तर लोक तेवढाच करून घरी जातील आणि मागची खेडी तशीच राहतील. नवा तुकडा जुन्याला जोडला जाणार की जुन्याची जागा घेणार, हे सही करण्याआधी विचारले पाहिजे.

क्लाइड ते क्रॉमवेल हा तुकडा प्रत्यक्षात झाला. तो सोपा नव्हता. जुना लोहमार्ग १९८० मध्येच बंद झाला होता आणि धरणाच्या पाण्यात गेला होता. म्हणजे भराव आयता मिळणार नव्हता. तलावाच्या काठच्या कड्यांना लोखंडी फलाट टांगून आणि दरीवर झुलता पूल बांधून वाट काढावी लागली. मे २०२१ मध्ये ती लेक डन्स्टन ट्रेल या नावाने खुली झाली. पाहता पाहता तलावात नांगरलेल्या होडीवरून कॉफी विकणारेही उभे राहिले. जिथे दुकानाला जमीन नाही तिथे पाण्यावर दुकान मांडले, याला व्यापारी डोके म्हणायचे.

या भागातल्या वेगवेगळ्या वाटा एकमेकींना जोडण्यासाठी सुमारे २ कोटी ६३ लाख न्यूझीलंड डॉलरची योजना ठरली होती, आणि हा तुकडा तिच्यातला. त्यातली निम्मी रक्कम सरकारने द्यायची होती. उरलेल्या निम्म्यातला बहुतेक भाग सेंट्रल लेक्स ट्रस्टने उचलला. हा ट्रस्ट आला कुठून? त्या भागातील वीज कंपनी ग्राहकांच्या मालकीची होती. ती विकली गेली तेव्हा आलेला पैसा लोकांत वाटून संपवला नाही. २००० मध्ये ट्रस्ट करून तो गुंतवला. वक्फप्रमाणे मूळ राखायचे आणि उत्पन्न लोकांच्या कामी लावायचे, अशी ही रीत आहे. वीज कंपनीच्या जुन्या ग्राहकांत सुतार होता, मेंढपाळ होता, खानावळवालाही होता. त्यांच्या बिलांतून उभा राहिलेला पैसा वीस वर्षांनी वाटेच्या रूपाने त्यांच्या दारात आला.

सरकारने निम्मे दिले ते स्थानिकांनी निम्मे समोर ठेवले म्हणून. २००९ मध्ये न्यूझीलंड सरकारने देशभर सायकल-वाटा बांधण्यासाठी ५ कोटी डॉलर बाजूला काढले, तेव्हाही स्थानिक वाट्याचा आग्रह होता. ज्या गावाकडे स्वतःची थैली तयार होती त्याचा अर्ज पुढे सरकला. याचा अर्थ व्यापाऱ्याने असा घ्यावा की आपला एक रुपया सरकारी रुपयाला ओढून आणतो. दान म्हणून पाहिले तर हात आखडतो. भांडवल म्हणून पाहिले तर किती आणि कोणत्या अटीवर, एवढेच ठरवायचे राहते.

अटींबाबत मी थोडा कडक आहे. उद्घाटनाची फीत कापायला सगळे येतात. तिसऱ्या पावसाळ्यात मोरी वाहून जाते तेव्हा कोणी फिरकत नाही. म्हणून नव्या तुकड्यासाठी मागितलेल्या रकमेत देखभालीचा वेगळा निधी आधी बाजूला काढलेला दिसला पाहिजे. ओटागोच्या ट्रस्टने एक बारीक पण कामाची युक्ती काढली. प्रवाशाला पासपोर्टसारखी छोटी पुस्तिका विकायची आणि गावोगावी त्यावर शिक्के मारायचे. प्रवाशाला आठवण मिळते, ट्रस्टला थोडे उत्पन्न मिळते आणि शिक्क्यासाठी माणूस प्रत्येक गावी थांबतो. तिसरा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो.

दुसरे असे की वर्गणी म्हणजे रोख रक्कमच हवी असे नाही. फाटकाचे वेल्डिंग, पुलाच्या फळ्या, पाट्या रंगवणे ही कामे गावातल्या कारागिरांनी मजुरी सोडून केली तर तीही वाटाच आहे आणि ती वहीत रुपयांत मांडली गेली पाहिजे. आपल्याकडे रोख देणाऱ्याचे नाव फलकावर जाते आणि आठवडाभर राबणाऱ्या सुताराचे कुठेच नसते. हिशेबाची वही उघडी असली की लहान माणूसही देतो.

पैसा असूनही वाट अडते, हेही खरे. याच भागात २०१३ मध्ये रॉक्सबर्ग घळीची वाट खुली झाली, पण मधल्या सुमारे १२ कि.मी.साठी जमीनमालकांशी जमले नाही. तेवढा टप्पा प्रवाशांना नदीतून जेट-बोटीने पार करावा लागला. गंमत अशी की त्या खंडामुळेच नावाड्याचा धंदा उभा राहतो. मात्र मोठ्या सहलीला मधेच होडीचे भाडे भरावे लागले तर कुटुंब घेऊन येणारा माणूस दोनदा विचार करतो. म्हणून जमिनीचे करार हातात येण्यापूर्वी मी एक पैसाही देणार नाही. उलट, त्याच नदीकाठची क्लूथा गोल्ड ट्रेल लॉरेन्सच्या पुढे वायहोलापर्यंत नेण्याचे काम २०२३ मध्ये पुरे झाले.

आता ओटागो सेंट्रलच्या दुसऱ्या टोकाला, मिडलमार्चला येऊ. इथून शहराकडे सुमारे ६० कि.मी. रूळ १९९० नंतरही टिकले, कारण डुनेडिनकरांनी वर्गणी काढून आणि नगरपालिकेने पुढे होऊन सहलीची आगगाडी चालू ठेवली होती. ती गाडी सायकलवाल्यांना वाटेच्या तोंडाशी आणून सोडत असे. २०२० मध्ये कोरोनाच्या वर्षी ती थांबली आणि पुढे सुरू झाली ती थोड्या अंतराच्या फेऱ्यांपुरती. मग साहजिकच विचार निघतो की रूळ काढून इथेही वाट न्यावी.

मिडलमार्चच्या दुकानदाराने यासाठी वर्गणी द्यावी का? क्लाइडवाल्याला मी हो म्हटले, याला आत्ता नाही म्हणेन. ती घळ निर्जन आहे. मधे पूल आहेत, बोगदे आहेत, पण ज्याच्या खाणावळीत रात्र वाढेल असे गाव नाही. वाढलेली रात्र पडेल ती डुनेडिन शहरात, तेव्हा पहिली थैली शहराने उघडावी. शिवाय उखडलेले रूळ पुन्हा बसत नाहीत आणि गाडीतून उतरणारे गिऱ्हाईक दुकानदाराला फुकट मिळत होते. शहराने आपली रक्कम मांडली, देखभालीचा निधी दाखवला आणि गाडीचे काय करणार हे लिहून दिले, तर मिडलमार्चने आपला गल्ला मोजायला घ्यावा.