काढा असू द्या, लसही हवी!



पाऊस सुरू झाला की वर्गात खोकला सुरू होतो आणि दप्तरात काढ्याची बाटली दिसू लागते. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा सुचवला आणि 'इम्युनिटी' हा शब्द घरोघरी पोहोचला. गरम काढ्याने घशाला बरं वाटतं, यात वाद नाही.

पण 'झाडपाल्याचं आहे, अपाय कसला?' हे काही खरं नाही. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. आपल्यासाठी धडा एकच: डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय मुलांना रोज काही पाजू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधाचं चाटणही नको.

खरी काळजी पुढेच आहे. 10 आणि 16 वर्षांच्या मुलांना धनुर्वात व घटसर्पाची टीडी लस देतात. 'आम्ही घरी काढा देतो, लस नको,' असं एखादे पालक म्हणाले तर काढ्याला नावं ठेवू नका. शांतपणे समजावून सांगा: लस शरीराला ठराविक रोगाशी लढायला आधीच शिकवते, ते काम काढ्याचं नाही.

आजीचा काढा उकळू द्या, पण लसीकरणाचं कार्ड कोरं ठेवू नका.