धोका सारखा, भत्ता वेगळा

संयुक्त राष्ट्रांतल्या नोकरीचा विषय निघाला की आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली असते: डॉलरमध्ये पगार, वर प्राप्तिकर नाही, मुलांच्या शिक्षणालाही अनुदान, म्हणजे चैनच. यातली माहिती बरीचशी खरी आहे, पण रागाचा रोख चुकतो. या पगारामागचे तत्त्व राष्ट्रसंघाच्या काळातले, १९२१ सालच्या नोबलमेर समितीचे आहे. ज्या देशाची सनदी सेवा सर्वांत जास्त पगार देते, तिच्याशी तुलना करून हा पगार ठरवायचा. आज ती तुलना अमेरिकेच्या केंद्रीय सेवेशी होते. प्रत्येकाला मायदेशाच्या दराने पगार दिला, तर एकाच टेबलावर तेच काम करणाऱ्या भारतीय आणि स्विस अधिकाऱ्याच्या पगारात कित्येक पटींचा फरक पडेल. शिवाय श्रीमंत सरकारे आपापल्या माणसांना वरून पैसे देऊ लागतील आणि अधिकाऱ्याने कोणत्याही सरकारचे आदेश घेऊ नयेत, हे सनदेतले १००वे कलम कागदावरच राहील.

भत्त्यांनाही असेच कारण आहे. न्यूयॉर्क हे आधार-शहर धरून प्रत्येक ठिकाणच्या महागाईचा गुणक काढतात. एक गुण म्हणजे मूळ निव्वळ पगाराचा एक टक्का. मूळ पगार ६,००० डॉलर आणि गुणक ८० असेल, तर ४,८०० डॉलर वर मिळतात. मुंबईतल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला साताऱ्यातल्या सहकाऱ्यापेक्षा जास्त घरभाडे भत्ता मिळतो, त्यातलाच हा प्रकार. गैरसोयीच्या ठिकाणचा भत्ता, मुलांच्या शिक्षणाचे अनुदान, मायदेशी जाण्याचा प्रवासखर्च हे सगळे घर सोडून परक्या देशात राहण्याची भरपाई म्हणून येते. स्थानिक कर्मचारी आपल्याच गावात राहतो, त्यामुळे त्याला ते मिळत नाही. त्याचा पगार स्थानिक बाजारातल्या चांगल्या मालकांच्या दरांची पाहणी करून स्थानिक चलनात ठरतो. इथपर्यंत सारे तर्कात बसते.

हा तर्क मोडतो तो धोका-भत्त्यात. २०१२ मध्ये ही योजना आली, तेव्हा बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्यासाठी दरमहा १,६०० डॉलर असा एकच दर ठरला, मग तो कोणत्याही हुद्द्याचा असो. स्थानिकांसाठी मात्र त्या देशातल्या स्थानिक वेतनश्रेणीच्या मध्याच्या काही टक्के, असे सूत्र लावले गेले. म्हणजे काबूलमध्ये एकाच गाडीतून जाणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याच्या आणि अफगाण चालकाच्या जिवाच्या जोखमीला वेगवेगळे दर लागतात. घरभाडे शहरागणिक बदलते. रस्त्यात पेरलेला सुरुंग पासपोर्ट बघत नाही. उलट परिस्थिती बिघडली की परदेशी कर्मचाऱ्याला देशाबाहेर हलवण्याची तरतूद आहे, स्थानिकाला ती फक्त अपवादात्मक परिस्थितीत मिळते. गाझात ऑक्टोबर २०२३ नंतर पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेचे तीनशेहून अधिक कर्मचारी मारले गेले. ते जवळजवळ सगळे तिथलेच होते. त्या संस्थेची स्थानिक वेतनव्यवस्था वेगळी आहे, पण जोखीम कुणाच्या वाट्याला येते हे तिथे उघड दिसते.

यावर आक्षेप असा की, गरीब देशात हा भत्ता डॉलरच्या दराने दिला तर चालकाची कमाई सरकारी डॉक्टरहून जास्त होईल आणि शिकलेली माणसे सरकारी सेवा सोडून इकडे वळतील. पगाराच्या बाबतीत ही भीती मला मान्य आहे. दवाखाने आणि शाळा खरोखरच ओस पडू शकतात. पण धोका-भत्ता ठरावीक ठिकाणी, ठरावीक काळापुरता असतो आणि परिस्थिती निवळली की थांबतो. खर्च वाढेल, हा दुसरा आक्षेपही खराच. खर्च तेवढाच ठेवायचा असेल तर दोघांसाठी मधला एकच दर ठरवावा. परदेशी कर्मचाऱ्याचा भत्ता कमी होईल, पण त्याच्या बाकीच्या भत्त्यांना हात लागणार नाही.

आणि समान दर संयुक्त राष्ट्रांना नवा नाही. शांतिसेनेत सैनिक पाठवणाऱ्या सरकारांना दर सैनिकामागे मिळणारी मूळ परतफेड देश श्रीमंत असो वा गरीब, सारखीच असते. २०१८ मध्ये ती दरमहा १,४२८ डॉलर ठरली. तो दर वाढवून मिळावा म्हणून भारताने वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या वेतन आयोगाच्या शिफारशी आमसभेच्या ज्या पाचव्या समितीपुढे येतात, तिथेही भारताचे मत मोजले जाते. धोका-भत्त्याचा हा प्रश्न तिथे भारतानेच मांडावा.