आडात नाही ते पोहऱ्यात : घरच्या टीव्हीला अँप्लिफायर घेताना

सोयाबीनची पट्टी हातात पडली आणि दिवाळी तोंडावर आली, की शेतकऱ्याच्या घरात एखादी मोठी वस्तू येते. भिंतीवरचा सपाट टीव्ही बऱ्याच घरांत येऊन गेला. आता त्याच्या मागोमाग 'होम थिएटर' येऊ लागले आहे. मी शेती खात्याचा माणूस. माझ्याकडे लोक बियाणे, खत आणि कीड यांबद्दल विचारायला येतात. पण परवा एका वस्तीवर हरभऱ्याची पेरणी पाहून निघालो, तर घरधन्याने चहाला थांबवून घेतले.

"साहेब, पंप घेताना तुम्हाला विचारलं, ठिबक घेताना विचारलं, आता हेही सांगा. तालुक्याला दोन हजार वॅटचा संच सात हजारांत मिळतोय. घेऊ का?"

"कशासाठी घेताय?"

"आईला टीव्हीतलं बोलणं कळत नाही. आवाज वाढवला तर पोरांचा अभ्यास बुडतो. एवढं करून आई म्हणते, कळंना."

आजी खाटेवर बसून शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, "आवाज येतो रे बाबा, शब्द येत नाही."

आजींनी नेमके दुखणे सांगितले. जुन्या खोक्याच्या टीव्हीत स्पीकर बहुधा तोंडासमोर असे. आताचा टीव्ही वहीसारखा पातळ. त्यात बसणारे स्पीकर लहान, आणि त्यांची तोंडे बहुतेक खाली किंवा मागे. आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. त्यात घराला वर पत्रा, भिंती गिलाव्याच्या आणि खाली फरशी. शब्द घुमतात आणि एकमेकांत मिसळतात. अशा ठिकाणी नुसता आवाज वाढवला, तर घुमणेही तेवढेच वाढते.

आता त्या दोन हजार वॅटविषयी. हा धडा मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी मीही एका दुकानातून पाच पेट्या आणि एक जाड आवाजाची पेटी असा संच उचलला. खोक्यावर वॅटचा आकडा एवढा मोठा, की घराचा मीटर जळेल की काय असे वाटावे. घरी आणल्यावर खिडकीची तावदाने थरथरली, पण बातम्या देणारी बाई काय बोलते ते आधीपेक्षाही कळेना. मग एके दिवशी पेटी उलटी करून मागची पट्टी वाचली. वीज किती लागते याच्यापुढे लिहिले होते ६० वॅट. भिंतीतून ६० वॅट घेणारे यंत्र पेट्यांना सतत दोन हजार कुठून देणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या ६० मधलेही काही उष्णतेत जातात.

खोक्यावर 'पीएमपीओ' अशी अक्षरे दिसली, तर तो आकडा विसरून जावा. तो डोळ्याची पापणी लवते न लवते एवढ्या क्षणाचा, कागदावरचा हिशेब असतो. विचारायचा तो 'आरएमएस' वॅटचा आकडा, तोही प्रत्येक पेटीला किती आणि किती ओहमला, असा. दुकानदार सांगू शकला नाही, तर पेटी उलटी करून मागची पट्टी आपणच वाचावी. पंपाची पाटी वाचल्याशिवाय आपण पंप घेत नाही, मग याला वेगळा न्याय कशाला?

घराला लागतात तरी किती वॅट? ऐकून नवल वाटेल. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दोन माणसे समोरासमोर साधे बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबल. बऱ्यापैकी स्पीकरच्या कागदावर '१ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल' असे काहीतरी लिहिलेले असते. म्हणजे एक वॅटमध्ये दहा फुटांवरच्या खाटेपर्यंत ७५ डेसिबलच्या पुढे आवाज पोचतो. वॅट दुप्पट केले, तर आवाज वाढतो तो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून प्रत्येक पेटीला खरे २० ते ३० वॅट देणारा अँप्लिफायर आपल्या माजघराला पुरून उरतो. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. म्हणूनच मी म्हणतो, पैशातला मोठा वाटा पेट्यांना द्या आणि लहान वाटा अँप्लिफायरला. बाजारात लोक नेमके उलटे करतात.

ओहमचे मात्र सांभाळावे. अँप्लिफायरच्या मागे '४ ते ८ ओहम' किंवा '८ ओहम' असे लिहिलेले असते. ८ ओहमच्या दोन पेट्या एकाच जागी जोडल्या, तर भार ४ ओहमचा होतो. फक्त ८ ओहमसाठी केलेल्या अँप्लिफायरवर तो पडला, की यंत्र तापते आणि एक दिवस वास येऊन बंद पडते. तीन अश्वशक्तीच्या मोटरीवर पाच अश्वशक्तीचे काम लादल्यासारखेच ते आहे.

मी म्हटले, घेण्याआधी करून तर पाहू. त्यांच्या माळ्यावर धाकट्या भावाच्या लग्नातला टेपचा संच पडला होता. टेप मोडला होता, पण अँप्लिफायर आणि दोन पेट्या शाबूत होत्या. पोराने झटकून खाली आणला, टीव्हीच्या कानात घालायच्या भोकातून लाल-पांढऱ्या टोकांची वायर जोडली. आवाज आला, पण पोकळ, जणू कोणी रांजणात तोंड घालून बोलते आहे. पाहिले तर एका पेटीची लाल-काळी वायर उलटी लागलेली. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि दोघे एकमेकांचा जाड आवाज खाऊन टाकतात. वायर सुलट केली. पेट्या कपाटावर होत्या, त्या स्टुलांवर घेऊन बसलेल्याच्या कानाच्या उंचीला आणल्या, टीव्हीच्या दोन बाजूंना, कोपऱ्यापासून हातभर सोडून. समोरच्या भिंतीवर दोरी बांधून दोन गोधड्या टाकल्या. बातम्या लागल्या होत्या. आजींचे शेंगा फोडणे थांबले.

"कांद्याचा भाव सांगतोय," त्या म्हणाल्या.

पाच पेट्यांच्या संचात मधली पेटी बोलण्यासाठी असते, हे खरे. ती चांगली असेल तर उपयोगही होतो. पण सात हजारांत पाच पेट्या, जाड आवाजाची सहावी आणि अँप्लिफायर असे सगळे बसवायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? त्यापेक्षा दोनच पेट्या बऱ्या घ्याव्यात. दोहोंच्या मध्ये बसले, तर बोलणे टीव्हीच्या मधूनच येते असे वाटते.

जुना संच कायम ठेवता येण्यासारखा नव्हता. एका पडद्याच्या कडेचा फोम हात लावताच भुगा झाला, आणि काही वाजत नसतानाही यंत्र गुणगुणत होते. असा संच जुन्या बाजारात कोणी देऊ लागला, तर आधी आवाज शून्यावर ठेवून गुणगुण ऐकावी, मग बटण फिरवून करकर ऐकावी, पडद्याची कड बोटाने हलकेच पाहावी.

नवा घेताना आणखी दोन गोष्टी. बऱ्याच नव्या टीव्हींना कानात घालायचे भोकच नसते. आवाज बाहेर येतो तो 'एचडीएमआय एआरसी' किंवा 'ऑप्टिकल' तोंडातून. अँप्लिफायरला तसे तोंड नसेल, तर मध्ये डिजिटल आवाज साधा करणारी लहान डबी लागते. ती लावूनही आवाज आला नाही, तर टीव्हीच्या आवाजाच्या यादीत जाऊन 'पीसीएम' निवडावे. बहुतेक वेळा दोष तेवढाच असतो, आणि माणूस मात्र डबी परत करायला तालुक्याला जातो.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडे पंप सुरू झाले की दाब घसरतो. जड ट्रान्सफॉर्मरचा अँप्लिफायर तेव्हा मलूल होतो. नव्या पद्धतीचे 'क्लास डी' अँप्लिफायर हलके असतात आणि कमी तापतात. त्यांच्या अडॅप्टरवर '१०० ते २४० व्होल्ट' लिहिलेले पाहून घ्यावे, म्हणजे दाब १७०ला आला तरी काम चालते. पण रात्री पंप बंद झाल्यावर दाब उलट चढत असेल, तर स्टॅबिलायझर हवाच. वीज कडकडू लागली, की टीव्हीच्या आणि अँप्लिफायरच्या पिना काढाव्यात, छत्रीची वायरसुद्धा.

निघताना घरधन्याला एक गोष्ट बाजूला घेऊन सांगितली. एवढे करूनही आईंना शब्द कळले नाहीत, किंवा समोर बसून बोललेलेही पुन्हा सांगावे लागत असेल, तर अँप्लिफायरचे पैसे राखून आधी कान दाखवावेत. कधी नुसता मळ असतो. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते.

पंधरा दिवसांनी हरभऱ्याची उगवण पाहायला गेलो, तेव्हा दोन पेट्या आणि लहानसा अँप्लिफायर आला होता. सगळे मिळून पाच हजार आठशे. गोधड्या अजून भिंतीवरच होत्या. थंडी सुरू झाली म्हणून सूनबाई त्या काढायला निघाल्या होत्या, आणि आजी काढू देत नव्हत्या.