भरल्या ताटात वाढणे कशाला?

वारज्यावरून जाणाऱ्या मुंबई–बंगळूर महामार्गाने दक्षिणेस निघाले की कऱ्हाड लागते. त्याशेजारीच खाशाबा जाधवांचे गोळेश्वर आहे. आणखी पुढे कोल्हापूर. त्या जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे. हाच रस्ता उत्तरेस धरला, तर प्रथम बालेवाडीची क्रीडानगरी आणि तिच्यापुढे गहुंजे येथील क्रिकेटचे भव्य मैदान आहे. आपल्या खेळांतील वैभव व वंचना या एका रस्त्यावरच नांदत आहेत.

इंडियन प्रीमियर लीगच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. २०२४ च्या लिलावात ऋषभ पंत यांच्यासाठी २७ कोटींची बोली लागली. हे आकडे ऐकून शिक्षकाने वा कारकुनाने सुस्कारा टाकावा, हे स्वाभाविक आहे. परंतु या पैशात अन्याय आहे असे आम्हांस वाटत नाही. लक्षावधी लोक आपखुशीने खेळ पाहतात, त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी जाहिरातदार पैसे मोजतात, आणि ज्यांच्या कौशल्यामुळे गर्दी जमते त्यांना त्यातील वाटा मिळतो. तो सगळा चालकांच्याच तिजोरीत पडता, तर अधिक न्याय झाला असता काय?

तथापि बाजाराने दिलेला भाव म्हणजे समाजाने ठरविलेली योग्यता नव्हे. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यापुरतेही पैसे खाशाबांजवळ नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले. गावाकडे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. अर्जुन पुरस्कार मात्र मरणोत्तर मिळाला. १९८४ सालीच खाशाबा अपघातात गेले होते.

सात दशकांत आपण काय शिकलो? २०२४ च्या जुलैमध्ये विश्वविजेत्या क्रिकेट संघास राज्य शासनाने ११ कोटी रुपये जाहीर केले. नियामक मंडळाने त्याआधीच १२५ कोटी जाहीर केलेले होते! पुढच्याच महिन्यात रेल्वेत नोकरी करणाऱ्या कुसाळे यांनी पॅरिसला नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले. त्यांना आरंभी १ कोटी व पुढे २ कोटी जाहीर झाले. एक संघ आणि एक खेळाडू यांच्या रकमांची तुलना करू नये, हे आम्हांस मान्य आहे. आमचा प्रश्न रकमेचा नसून गरजेचा आहे.

प्रेक्षकांनी आपला पैसा कोठे खर्चावा हे त्यांनीच ठरवावे. सार्वजनिक तिजोरीचा धर्म निराळा आहे. बाजार जेथे फिरकत नाही तेथेच शासनाने पोचले पाहिजे, आणि तेही पदकाच्या आधी. तालमीतील गादी, नेमबाजाची काडतुसे, धावपटूचा खुराक आणि तालुक्याच्या गावी पगारी प्रशिक्षक, यांसाठी पैसा हवा. विजयानंतरचे बक्षीस हा गौरव झाला. विजयापूर्वीचे साहाय्य हे कर्तव्य होय. ते पार पडले, तर पुन्हा कोणा प्राचार्याला घर गहाण टाकावे लागणार नाही.