विश्लेषण : एमसीबी आहे, तरी कूलरचा शॉक का बसतो? जुन्या घराचे वायरिंग बदलताना काय पाहावे?

मार्च उजाडला की अकोला-अमरावतीत माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. पत्र्याची टाकी, आत पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि भिंतीत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे वायरिंग. कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या वऱ्हाडाला नव्या नाहीत. ‘आमच्याकडे एमसीबी आहेत’ हे उत्तर इथे कामाचे नाही.

एमसीबी शॉक का थांबवत नाही?

वायर तापून जळू नये, एवढेच त्याचे काम. १६ अँपियरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहिला तरच पडतो. छातीतून गेलेला १०० मिलिअँपियर प्रवाहही जिवावर बेतू शकतो, म्हणजे त्या १६ अँपियरचा १६०वा भाग. एमसीबीला तो जाणवतही नाही.

मग अर्थिंग कशासाठी?

फेज वायर पत्र्याला चिकटली, तर वीज अर्थिंगमधून जमिनीत जावी यासाठी. पण इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि त्याचा रोध वाढतो. तो २० ओहम झाला तर २३० व्होल्टला प्रवाह साडेअकरा अँपियर वाहतो. १६चा एमसीबी पडत नाही आणि कूलरचा पत्रा ‘जिवंत’च राहतो. ओहमचा नियम इंजिनीअरिंगच्या आधीच, शाळेत शिकवतात. घराच्या खड्ड्याला तो कुणी लावून पाहत नाही.

उपाय काय?

आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो पाहतो. फरक पडला की क्षणार्धात वीज तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांनुसार २ किलोवॅटपेक्षा जास्त भाराच्या घरात ३० मिलिअँपियर गळतीला वीज तोडणारे उपकरण आवश्यक आहे. एक एसी आणि एक गिझर असला तरी घर या मर्यादेपलीकडे जाते. आरसीसीबी बसवला म्हणून एमसीबी काढायचे नाहीत; दोघांची कामे वेगळी.

सर्किट कशी वाटावीत?

लाइट-पंखे वेगळे, किचन वेगळे. एसी, गिझर आणि पाण्याची मोटार यांना प्रत्येकी स्वतंत्र वायर आणि एमसीबी. कूलर व टिल्लू पंपाचे प्लग आरसीसीबीखाली हवेतच. शक्य असेल तर दोन आरसीसीबी घ्या, म्हणजे कूलरमध्ये गळती झाली तरी सगळे घर अंधारात जाणार नाही.

वायरची क्षमता कंपन्या साधारण ४० अंश तापमान धरून देतात. मे महिन्यात इथे बाहेरच ४५ अंश असतात, वरच्या मजल्याच्या स्लॅबमधला पाइप त्याहून तापलेला. म्हणून दीड टनाच्या एसीला अडीचऐवजी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपियरचा एमसीबी घेणे शहाणपणाचे. एमसीबी सारखा पडतो म्हणून जुन्या वायरवर ३२चा बसवून देणे हा सर्वांत धोकादायक ‘जुगाड’. त्यात एमसीबी शांत राहतो आणि वायर वितळते.

आरसीसीबी विनाकारण पडतो, ही तक्रार खरी आहे?

बहुतेकदा कारण इन्व्हर्टर असते. वायरिंग करताना इन्व्हर्टरचे आणि मेनचे न्यूट्रल एकत्र बांधले जातात. मग परतीचा प्रवाह दुसऱ्याच वाटेने जातो आणि आरसीसीबी पडतो. ‘काढून टाका, कटकट नको’ असा सल्ला मिळाला, तर न्यूट्रल वेगळे करून मागा.

आणखी काय?

एसी वाढले की बिलावरचा मंजूर भार पाहा. कमी असल्यास महावितरणकडे वाढीचा अर्ज करावा लागतो. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच घ्या. कोणता एमसीबी कशाचा, हा तक्ता डीबीच्या दाराआड चिकटवून घ्या.

आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा, तो पडायला हवा. त्यातून अर्थिंग मात्र तपासले जात नाही. ते मीटरनेच मोजावे लागते. बहुतेक घरांत वायरिंग रंगकामासोबत, दिवाळीच्या आधी होते. तेव्हा पावसाने माती ओली असते आणि आकडा छान येतो. हीच मोजणी मे महिन्यात पुन्हा करून घ्या.