बखरीचं पान आणि दुसरं विश्व

विश्वं एकाहून अधिक असतील का, या प्रश्नासाठी पुणेकराला परदेशी सिनेमाकडे धाव घ्यायची गरज नाही. जयंत नारळीकरांच्या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर ज्या जगात पोचतात, तिथे १७६१च्या पानिपतावर गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेलेली असते, मराठे जिंकलेले असतात आणि मुंबईत अजून कंपनी सरकार असतं. पंत परततात ते खिशात बखरीचं फाटकं पान घेऊन. कथा झकास, पण गोम त्या पानातच आहे. तिथून कागद आणता येत असेल, तर ते दुसरं विश्व कसलं? तो आपल्याच विश्वाचा लांबचा तालुका! माझ्या मते विश्वाची हद्द हीच: जिथून काही ना काही, निदान प्रकाश तरी, आपल्यापर्यंत पोचू शकतो, ते आपलं. विश्वाचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं. पण प्रसरणामुळे दिसणाऱ्या विश्वाची कड आज सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर गेली आहे. तिच्यापलीकडेही दीर्घिका असतील, हे पटतं. ह्यू एव्हरेटने १९५७ साली मांडलेली, क्वांटम घटनांगणिक फुटत जाणारी जगं मात्र वेगळी. गणित चोख, पण फुटलेल्या जगांचा एकमेकांशी संबंधच उरत नसेल, तर पडताळा घ्यायचा कसा? पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभारणारे नारळीकर महास्फोटाच्या सिद्धांतालाही रोखठोक प्रश्न विचारत राहिले. बहुविश्वाच्या बाजूने तर अजून बखरीच्या पानाएवढाही पुरावा हाती नाही.